उद्याचं, परवाचं, तेरवाचं

कोंबडीच्या पोटात हात घातला तेव्हा माझ्या डोक्यात शाकाहार वगैरे काहीही नव्हतं. डोक्यात एवढंच होतं की पाहुणे एक वाजता येणार आणि ही कोंबडी शिजायला वेळ घेणार. ‘जुनी आहे, शिट्ट्या जास्त लागतील’ असं दुकानदारानं बजावलं होतं. अख्खीच आणली होती. आतलं साफ करायचं काम मला जमतं आणि खरं सांगायचं तर त्याचा थोडा तोराही होता. आमच्या घरात रविवारची कोंबडी माझ्याकडे, मासे बायकोकडे, अशी वाटणी कितीतरी वर्षं चालत आलेली.

कलेजी सुटी केली आणि बोटांना काहीतरी मऊ, गोल लागलं. ओढलं तर घोसच बाहेर आला. द्राक्षांच्या घडासारखा, पण पिवळाधमक, आणि सगळे मणी वेगवेगळ्या आकाराचे. पुढचा चांगला पूर्ण वाढलेल्या बलकाएवढा, त्याच्यामागचा जरा लहान, मग बोराएवढा, मग वाटाण्याएवढा, आणि मुळाशी मोहरीएवढे इतके की मोजता येऊ नयेत. खालच्या नळीत तर एक अंडं जवळजवळ तयार होतं. नुसता पापुद्रा होता त्याला, कवच धरलंच नव्हतं. बोटानं दाबलं तर आत दबत होतं.

ती रांग होती हे लक्षात यायला क्षणभर लागला. पापुद्र्यातलं ते उद्याचं अंडं. पुढचं परवाचं. त्याच्यामागचं तेरवाचं. पुढच्या आठवड्याची सगळी सोय करून ठेवलेली, आणि मी ती नळाखाली धरून उभा.

मग मी काय केलं? कोंबडी शिजवली. पाहुणे आले, जेवले. मीही जेवलो. चांगली झाली होती. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा गोष्टींमध्ये पुढचं वाक्य ‘घास घशाखाली उतरला नाही’ असं येतं. माझा उतरला. दोनदा रस्सा घेतला.

फक्त पुढच्या रविवारी दुकानाकडे पाय निघाला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या आठवड्यात मुलानं विचारलं, ‘बाबा, तू सोडलंस का?’ त्यावर मी काय बोलावं हे मला कळेना. सोडलं असं मी ठरवलेलं नव्हतं. नुसतं होत नव्हतं. आता ठरवायला हवं, असं त्या प्रश्नामुळे वाटायला लागलं आणि तिथून माझं तळ्यात-मळ्यात सुरू झालं.

माझी सवय अशी की एखादी गोष्ट मनाला लागली की मी तिच्याबद्दल वाचत सुटतो. मनाला जे लागलं ते बाजूला राहतं आणि माहितीचा ढीग वाढतो. या वेळी पहिलं जे कळलं त्यानंच घोळ केला. मांसासाठी वाढवलेली ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांची असते तेव्हाच कापली जाते. वजनाला दोन-सव्वादोन किलो, पण वयानं पिल्लूच. तिच्या पोटात अंड्यांची रांग असणं शक्यच नाही, कारण कोंबडी अंडी घालायला लागते ती अठरा-वीस आठवड्यांनंतर. म्हणजे माझ्या हातात आली होती ती अंड्यांवरची कोंबडी. दीड-पावणेदोन वर्षांची झाली, अंडी कमी पडायला लागली, तिच्या दाण्याचा खर्च निघेना, म्हणून ती मांसाच्या दुकानात आली.

म्हणजे बघा, ज्या कोंबडीमुळे माझं मांस सुटत होतं ती मुळात मांसासाठी नव्हतीच. ती आमच्या न्याहारीसाठी होती.

यावर मी बरेच दिवस अडकलो. जंगली कोंबडी, जिच्यापासून या सगळ्या जाती आल्या, ती वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते, पिल्लं काढण्यापुरती. आजची पिंजऱ्यातली वर्षाला ३०० घालते. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. ते सगळं दाण्यातून भागत नाही, मग हाडांतून निघतं. त्यामुळे अशा कोंबड्यांची हाडं ठिसूळ होतात, छातीचं हाड मोडलेलं सापडणं ही अगदी नेहमीची गोष्ट. आणि अंड्यांच्या जातीतल्या नर पिल्लांचं काय करायचं? ती अंडी घालणार नाहीत आणि अंगानं भरणारही नाहीत. म्हणून जगभर अशी अब्जावधी पिल्लं जन्मल्या दिवशीच मारली जातात. जर्मनीनं १ जानेवारी २०२२ पासून यावर बंदी घातली. तिथे आता अंड्यातच नर-मादी ओळखतात. बाकी बहुतेक ठिकाणी जुनीच पद्धत.

तर मग मी सोडायला काय हवं होतं? मांस, का अंडी? जीवाला लागलं होतं ते अंड्यांचं, आणि मी सोडत होतो मांस. एका दातात कळ आणि डॉक्टरनं शेजारचा काढावा तसं हे झालं.

ताईला फोनवर सांगितलं. तिचा पहिला प्रश्न: ‘डॉक्टरनं सांगितलंय का?’ नाही म्हटल्यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘मग कशाला?’

तिचं चूक नाही. डॉक्टरनं बंद केलं म्हणा, लोक लगेच समजतात, ताटात वाढलेलं परत उचलून घेतात. देवाधर्माचं कारण सांगा, तेही चालतं. पण ‘मला नको वाटतं’ या कारणाला आपल्याकडे पत नाही. ते चोचल्यात जमा होतं. म्हणून मीही काही दिवस तब्येतीचं कारण चाचपून पाहिलं. कारण चांगलं होतं, नुसतं पुरेसं पक्कं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ साली सॉसेज, बेकनसारखं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगाला निश्चित कारणीभूत ठरणाऱ्या गटात टाकलं. रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो असा तो हिशेब. पण मी सॉसेज खातच नव्हतो. मग ब्रिटनमधल्या अट्ठेचाळीस हजारांवर लोकांना अठरा वर्षं नजरेखाली ठेवून २०१९ मध्ये आलेला निष्कर्ष वाचला: मांस खाणाऱ्यांपेक्षा शाकाहारींमध्ये हृदयविकार २२ टक्के कमी, आणि पक्षाघात २० टक्के जास्त. घ्या. हृदय वाचवायचं का मेंदू, निवडा आता.

१९३१ च्या नोव्हेंबरात गांधीजींनी लंडनमधल्या शाकाहारी मंडळींपुढे भाषण केलं होतं. नुसत्या तब्येतीसाठी शाकाहारी झालेले लोक बहुतेक मागे फिरतात, त्याला नैतिक पाया लागतो, असं त्यांचं म्हणणं. ते मला तेव्हाच पटलं. पाया तब्येतीचा असेल तर पक्षाघाताचा एक आकडा येतो आणि भिंत हलते.

मग मी हवामानाकडे वळलो. इथे मात्र मजा आली, कारण मला आकडेमोड आवडते आणि या आकड्यांनी माझी चांगलीच जिरवली.

२०१८ साली ११९ देशांतल्या अडतीस हजारांहून जास्त शेतांची आणि गोठ्यांची माहिती एकत्र करून एक मोठा अभ्यास झाला. त्यात शंभर ग्रॅम प्रथिनांमागे किती हरितगृह वायू बाहेर पडतात ते काढलं होतं. मांसासाठीच पाळलेल्या गाईबैलांचं सरासरी ५० किलो. मेंढीचं २०. कोंबडीचं ५.७. अंड्यांचं ४.२. वाटाण्याचं ०.४. इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे. पण मध्येच एक ओळ होती: चीज, ११.

कोंबडीच्या जवळपास दुप्पट! एक किलो चीजला दहा लिटरच्या आसपास दूध लागतं आणि ते दूध देणारी गाय दिवसभर रवंथ करत मिथेन सोडते. म्हणजे मी कोंबडी सोडून तिच्या जागी टोस्टवर चीज घालायला लागलो, आणि घालायला लागलोच होतो, तर पृथ्वीच्या दृष्टीनं मी उलटी प्रगती करत होतो. शिवाय जुन्या पद्धतीचं चीज करताना दूध साकळवायला वासराच्या पोटातला रेनेट नावाचा पाचक रस वापरतात. ते मांसच म्हणायचं की नाही, ज्यानं त्यानं ठरवावं.

बरं, हवामान हेच कारण धरायचं तर सगळ्यात सोपा सल्ला असा की गाईचं आणि मेंढीचं मांस सोडा, कोंबडी खा. कितीतरी लोक तेच करतात आणि तेही मन लावून. आता जिवांच्या बाजूनं मोजू. एका बैलामागे दोनेकशे किलो मांस निघतं. तेवढंच कोंबडीचं हवं असेल तर शंभराच्या वर कोंबड्या कापाव्या लागतात. हवेतला भार कमी झाला, मरणारे वाढले. जगात दर वर्षी खाण्यासाठी कापल्या जाणाऱ्या कोंबड्यांची संख्या ७० अब्जांच्या पुढे गेलेली आहे. हा आकडा मी दोनदा लिहून पाहिला, शून्यं चुकली का बघायला.

आणि मासे? मासे आपण मोजतच नाही. जगाच्या नोंदींमध्ये कोंबड्यांची डोकी असतात, माशांचे टन असतात. वहीत ज्याचा नग लावत नाहीत, त्याच्याबद्दल फार विचार करावा लागत नाही. २००३ मध्ये काही संशोधकांनी ट्राउट माशांच्या ओठांत मधमाशीचं विष आणि ॲसिटिक आम्ल टोचून पाहिलं. माशांनी खाणं टाकलं, आणि आम्ल टोचलेले मासे टाकीच्या तळाच्या खड्यांवर ओठ घासायला लागले. मॉर्फिन दिल्यावर ते कमी झालं. हे मी बायकोला वाचून दाखवलं. ती सुरमईचे तुकडे मीठ लावून ठेवत होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘झालं वाचून? आता कोथिंबीर निवड.’

तिचा विरोध कधीच नव्हता. तिचा प्रश्न वेगळा होता, आणि माझ्या सगळ्या वाचनापेक्षा तो जास्त खरा होता: ‘म्हणजे रोज दोन प्रकारचं करायचं का? आणि कोण करणार?’ एकाचं तत्त्व म्हणजे दुसऱ्याचा जादा ओटा. हे तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत फारसं येत नाही, कारण ती लिहिणाऱ्यांना ताट आयतं मिळत असावं. आम्ही असं ठरवलं की माझं मी बघायचं. पहिले पंधरा दिवस मी बटाटा आणि चीजवर काढले (वरचा ११ चा आकडा आठवावा). मग हळूहळू राजमा, हरभरे, मसूर आदल्या रात्री भिजत घालायची सवय लागली. शाकाहाराची निम्मी गोष्ट आदल्या रात्री आठवण राहण्याची आहे, असं माझं मत झालंय. मांस आयत्या वेळी आणता येतं, राजम्याला आठ तास द्यावे लागतात.

रक्ताचीही तपासणी केली, कारण ब-१२ ची भीती सगळ्यांनी घातली होती. ती अगदीच पोकळ नाही. ब-१२ ना वनस्पती बनवतात ना प्राणी. ते जिवाणू बनवतात, आणि आपल्याला मिळतं ते बहुतेक प्राण्यांमार्फत. दिवसाला लागतं फक्त २.४ मायक्रोग्रॅम, आणि यकृतात साठा असतो काही वर्षांचा. म्हणून सोडल्याचा परिणाम लगेच दिसत नाही, दिसतो तेव्हा मुंग्या यायला लागलेल्या असतात. दूध-अंडी घेणाऱ्याला थोडं मिळतं, तीही सोडणाऱ्याला गोळी घ्यावीच लागते. लोहाचं म्हणाल तर डाळी-भाज्यांतलं लोह शरीर जरा अनिच्छेनंच घेतं, त्यावर लिंबू पिळलं तर बरं घेतं, जेवणावर लगेच चहा प्यालात तर मोडता घालतं. माझा आकडा ठीक निघाला. ताईला कळवला. ‘बघू पुढच्या वर्षी,’ म्हणाली.

या सगळ्या काथ्याकुटात मला सोबत झाली ती अठराव्या शतकातला अमेरिकन लेखक आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन याची. हा गृहस्थ सोळाव्या वर्षी शाकाहारी झाला. वाचलेल्या पैशांतून पुस्तकं घ्यायचा, म्हणजे माझ्यापेक्षा त्याचं कारण तरी नेमकं होतं. पुढे बोस्टनहून निघालेलं त्याचं जहाज वारा पडल्यामुळे एका बेटापाशी थांबलं. खलाशांनी कॉड मासे पकडून तळायला घेतले. फ्रँकलिनला मासे पूर्वी फार आवडायचे. तव्यावरचा वास, आणि आपलं तत्त्व. बराच वेळ तो तोलत राहिला. तेवढ्यात त्याला आठवलं की मासा चिरला तेव्हा त्याच्या पोटातून लहान मासे निघाले होते. मग काय, तुम्ही एकमेकांना खाता तर आम्ही तुम्हाला का खाऊ नये, म्हणून त्यानं भरपेट जेवून घेतलं. आणि नंतर स्वतःवरच शेरा मारला: बुद्धी असलेला प्राणी असण्याची सोय मोठी, मनात असेल त्याला कारण शोधता येतं.

गंमत अशी की त्याला माशाच्या पोटात काही सापडलं आणि तो खायला लागला. मला कोंबडीच्या पोटात काही सापडलं आणि मी थांबलो. दोघांचीही कारणं नंतर आली.

गांधीजींचीच आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र बोचते. १९१२ साली त्यांनी दूध सोडलं. काही वर्षांनी मोठं आजारपण आलं, अंगात त्राण उरेना, डॉक्टर म्हणाले दूध घ्या. त्यांनी नकार दिला. तेव्हा कस्तुरबांनी वाट काढली: व्रत घेताना तुमच्या मनात गाय-म्हैस होती, मग शेळीचं घ्यायला काय हरकत? त्यांनी घेतलं आणि जगले. पण व्रताचा शब्द राखला, आत्मा सोडला, ही टोचणी त्यांना शेवटपर्यंत राहिली.

ज्यानं शब्दाला एवढं मोल दिलं तो माणूससुद्धा ‘दूध म्हणजे कुठलं’ यात सापडला. मी तर अजून शब्दच ठरवलेला नाही. लोक विचारतात, तू आता प्युअर व्हेज का? ‘शुद्ध’ हा शब्द मला पूर्वीही झेपला नव्हता. माझं शुद्ध म्हटलं की समोरच्याचं आपोआप अशुद्ध होतं, आणि समोर तर बायको, मुलगा नि ताई बसलेली असतात. मी फक्त ‘हल्ली खात नाही’ म्हणतो. ‘हल्ली’ हा फार उपयोगी शब्द आहे. त्यात दार किलकिलं राहतं.

ते दार एकदा उघडलंही. मावशी ऐंशीची आहे, दिसतं कमी, गुडघे गेलेत. तिच्याकडे गेलो तर तिनं मी येणार म्हणून मटण केलं होतं. पहाटेपासून खपून. पाटावरून उठताना भिंतीला धरून उठत होती. माझ्याकडे सगळी भाषणं तयार होती, आकड्यांसकट. मी जेवलो. आणि यात त्याग वगैरे काही नाही, कारण पहिल्या घासालाच जीभ म्हणाली, कुठे होतास इतके महिने? चव गेलेली नाही. ती जाते असं ज्यांनी सांगितलं ते एक तर नशीबवान आहेत किंवा थापा मारतात.

परत येताना गाडीत बायकोनं काही विचारलं नाही. मीच म्हणालो, ‘तुटलं.’ ती म्हणाली, ‘काय तुटलं? तू काही बांधलं होतंस का?’

तसं काही बांधलेलं नाही. आता वर्ष होत आलं. स्वतःहून आणत नाही, शिजवत नाही, मागवत नाही. बुधवारी घरात मासे होतात, मी कोथिंबीर निवडतो, माझे हरभरे घेतो. चीज पुष्कळ कमी झालं. दूध चहापुरतं आहे, त्याचा विचार मी पुढे ढकलतो. दुधासाठी गाईला वारंवार व्यावं लागतं आणि वासराचं काय होतं, हे मला माहीत आहे, हे मान्य करून ढकलतो. आणि अंडी. सगळं जिथून सुरू झालं ते तिथेच आहे. कवच फोडताना दर वेळी काही होतं असं नाही. कधीकधी मात्र बलक जरा जास्त पिवळा निघाला की तो घोस आठवतो, त्याच्या मुळाशी मोहरीएवढे दाणे होते ते आठवतात.

रविवारी सकाळी मुलगा ओट्यापाशी होता. पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं होतं, हातात अंड्यांचा ट्रे.

‘बाबा, तुझी किती टाकू? दोन?’

मी पेपरमधून मान वर केली. ‘एक टाक.’

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग ट्रेकडे. ‘एकच का?’

‘भूक नाही फार.’

‘मग मी दोन टाकतो,’ तो म्हणाला, ‘उरलं तर मी खाईन.’ आणि चमच्यावरून एकेक अंडं हळूच पाण्यात सोडायला लागला, तडकू नये म्हणून.